शाळेतील पंगत

मुलांनो, दुपारची घंटा झाली की शाळेच्या ओसरीवर पंगत बसते. ताटांचा खणखणाट होतो, खिचडीचा वास दरवळतो आणि क्षणापूर्वी गणितात गुंतलेले चेहरे प्रफुल्लित होतात. हे दृश्य तुमच्या नित्य परिचयाचे आहे. म्हणूनच त्यामागे केवढा विचार आणि किती जणांचे कष्ट आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

रिकाम्या पोटी विद्या येत नाही, हे आपल्याकडील थोर माणसांनी फार पूर्वी ओळखले होते. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. ज्या काळी जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसत, त्या काळी तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. या मुलांच्या जेवणासाठी पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकले; अखेरीस मंगळसूत्रही विकले. मुलांच्या ताटातील भाकरी त्यांना सोन्याहून मोलाची वाटली.

तिकडे दक्षिणेत, मद्रास राज्याचे मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ साली शाळांतून मध्यान्ह भोजन सुरू केले. कामराज यांना स्वतःला लहानपणीच शाळा सोडावी लागली होती. गरीब मुलाला शाळेत आणावयाचे, तर आधी त्याच्या पोटाची सोय केली पाहिजे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

पुढे १९९५ साली ही योजना साऱ्या देशासाठी आखली गेली. प्रारंभी बहुतेक राज्यांत मुलांना महिन्याला ३ किलो धान्य घरी नेण्यास मिळे. पण घरी गेलेले धान्य घरातील सर्वांच्या वाट्यास जाई. शाळेतील मुलाच्या पोटात त्यातील किती पडले, हे कोण सांगणार? म्हणून २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच देण्याचा आदेश दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर शासकीय व अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांचा तो हक्कच ठरला. ध्यानात ठेवा, हे ताट म्हणजे कोणी केलेले उपकार नव्हेत. ते घेताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

या ताटातील अन्न मापून दिलेले असते. पहिली ते पाचवीच्या मुलास १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी; सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी. त्यातून मोठ्या मुलांना ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरले आहे. उष्मांक हे अन्नातून मिळणाऱ्या शक्तीचे माप होय, आणि प्रथिने म्हणजे शरीराच्या बांधणीच्या विटा.

भात आणि डाळ एकत्रच का? प्रथिनांतील जो घटक तांदळात कमी, तो डाळीत पुष्कळ असतो. आणि डाळीत जो कमी, तो तांदळात असतो. साधी खिचडी अशी दोघांचीही उणीव भरून काढते. पालेभाज्या, बाजरी व मटकी यांतून लोह मिळते. रक्तातून सर्व शरीराला प्राणवायू पोहोचवण्याचे काम लोहावाचून होत नाही. ते कमी पडले की चेहरा फिकट दिसतो, थोडे चालताच धाप लागते आणि वर्गात लक्ष लागत नाही. तुमच्या वयात, विशेषतः मुलींना, लोहाची गरज वाढते. अन्नावर लिंबू पिळले, तर त्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. उलट जेवणाबरोबर चहा घेतला, तर ते कमी शोषले जाते. तेव्हा खिचडीतील भाजी वेचून ताटाच्या कडेला सारणारा मुलगा आपल्याच हाताने आपले बळ टाकून देतो.

अन्न वाढण्यापूर्वी शिक्षक व पालक यांनी ते चाखून पाहावे, असा नियम आहे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती हीच! तुम्हीही साबणाने हात धुऊनच पंगतीस बसावे, लागेल तेवढेच वाढून घ्यावे आणि ताटात काही टाकू नये. अन्नास वाईट वास आला, तर न भिता गुरुजींना सांगावे. स्वयंपाक कोणी केला, शेजारी कोण बसले, असा विचार मनात आला, तर साताऱ्याचे ते वसतिगृह आठवावे.

हा पाठ घरी आईवडिलांनाही वाचून दाखवा. शाळेतील जेवण दिवसाच्या गरजेच्या सुमारे तृतीयांश असते. उरलेला भार घरावर आहे. सकाळी मूल उपाशीपोटी निघाले, तर पहिल्या तासांना त्याचे चित्त फळ्यावर ठरत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? भाकरी व शेंगदाण्याची चटणी, गूळ, मोड आलेली मटकी, हंगामातील पेरू किंवा बोरे, हे पदार्थ दुकानातील खारवलेल्या पुड्यांहून कितीतरी सकस असतात. आणि घरात वाढताना मुलाला आधी व मुलीला उरलेले, असा भेद होऊ नये. शाळेच्या पंगतीत दोघांच्या ताटांत सारखेच अन्न पडते. घरच्या पंगतीतही तसेच पडले पाहिजे.

स्वाध्याय

१. शिजवलेलेच अन्न देण्याचे का ठरले?
२. भात व डाळ एकत्र खाल्ल्याने कोणता लाभ होतो?
३. ‘आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण पाठात कशासाठी आली आहे, ते चार-पाच वाक्यांत सांगा.
४. ‘हे ताट म्हणजे कोणी केलेले उपकार नव्हेत’ असे लेखक का म्हणतो?
५. आठवडाभर घरी व शाळेत काय खाल्ले, याची नोंद करा. त्यात पालेभाजी व कडधान्ये किती वेळा आली, ते मोजा.