डोडो आणि ससाणा

ह्या खेपेस आम्ही हिंदी महासागरांतील मॉरिशस बेटाच्या दोन पक्ष्यांची हकीकत सांगतों. डोडो हा कबुतराच्या कुळांतला मोठा पक्षी. बेटावर शत्रु नसल्यामुळें ह्या जातीची उडण्याची शक्ति गेली होती. १५९८ सालीं डच खलाशी तेथें उतरले. पुढें जहाजांतून आलेल्या उंदरांनीं, डुकरांनीं व माकडांनीं त्याचीं अंडीं खाल्लीं; शंभर वर्षांच्या आंत डोडो नाहींसा झाला.

तेथील ससाण्याचीही तीच गत होत होती. जंगलतोड व डीडीटीचें विष ह्यांमुळें १९७४ सालीं रानांत अवघे चार उरले. तेव्हां माणसांनीं त्यांचीं अंडीं उबवून पिलें वाढविलीं व रानांत सोडलीं. आज ते शंभराहून अधिक आहेत. वाचकहो, नाश करणारा व राखणारा हात एकाच मनुष्यजातीचा, हें आपण ध्यानांत ठेवूं या.