कवटीच्या तळाचे माप

गाईच्या अंगाचे उष्णतामान ३८.५ अंश सेल्सियस भरले, तर ती निरोगी असते. तेवढेच माणसाचे भरले, तर त्याला ताप आहे असे आपण म्हणतो. म्हणजे बिघाड ओळखायचा तर आधी निरोगी माप ठाऊक हवे, आणि तेही ज्याचे त्याचे. अशाच एका मापाची माहिती आज आम्ही देत आहोत. ते आहे कवटीच्या तळाचे.

मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो ते सपाट नसते. त्यात खोलगट जागा असतात, लहानमोठी भोके असतात व त्यांतून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. सर्वांत मोठ्या भोकातून मज्जारज्जू पाठीच्या कण्यात उतरतो. प्रौढ माणसात ते पुढून मागे सुमारे ३५ मिलिमीटर भरते. नाकाच्या छतापाशी मात्र हाड अगदी पिठाच्या चाळणीसारखे असते. तिच्या बारीक छिद्रांतून वासाच्या नसा मेंदूकडे जातात. या चाळणीच्या बाजूची भिंत काही जागी ०.२ मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. खाली नाक, वर मेंदू आणि मध्ये एवढाच आडोसा!

ही चाळणी कोणाची उथळ असते, कोणाची खोल. १९६२ साली युगोस्लाव्हियातील प्रेड्राग केरोस यांनी तिचे तीन प्रकार सांगितले: खोली १ ते ३ मिलिमीटर, ४ ते ७ आणि ८ ते १६. चाळणी जितकी खोल, तितकी ती पातळ भिंत उंच आणि नाकात दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करताना धोका जास्त. जुनाट सायनस किंवा नाकात वाढलेले मांस काढताना हत्यार याच भिंतीजवळून फिरते.

पूर्वी असे माप वाळलेल्या कवट्यांवरच घेता येई. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा सी. टी. स्कॅन झाला आणि जिवंत माणसाचे हाड आतून दिसू लागले. त्या कामाबद्दल हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

केवळ मापासाठी निरोगी माणसाला क्ष-किरण देणे योग्य नाही. म्हणून दुसऱ्या कारणाने काढलेले स्कॅन घेतात. त्यांतून हाड मोडलेले, गाठ असलेले किंवा आधी शस्त्रक्रिया झालेले वगळतात. उरलेल्यांत उजवी व डावी बाजू, पुरुष व स्त्रिया अशी वेगवेगळी मापे घेतात. पुष्कळदा दोन डॉक्टर एकमेकांचे आकडे न पाहता मोजतात, आणि जुळले तरच ते माप भरवशाचे धरतात. (बाजारात वजनाबाबतही असेच व्हायला हवे, पण तो विषय निराळा.)

मग एका देशाची मापे सगळ्यांना का चालत नाहीत? विहीर खणताना मुरूम किती हातांवर लागेल हे शेजारच्या गावावरून ठरत नाही, तसेच हे आहे. पुष्कळ ठिकाणी मधला प्रकार जास्त आढळला, तर मलेशिया व फिलिपाइन्समधील मोजणीत पहिला. भारतातही अशी मोजणी झाली आहे. तिच्यामुळे खोल चाळणी किती वेळा भेटेल याचा अंदाज डॉक्टरांना येतो. तुमच्या नाकात ती किती खोल आहे, हे मात्र तुमच्याच स्कॅनवर दिसते. एकाच माणसात दोन बाजूंना फरक असू शकतो.

म्हणून नाकाच्या अशा शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी स्कॅन सांगितला, तर 'मागचा साधा फोटो आहे की' असे म्हणू नये. खर्चाची कुरकुर आम्ही समजतो. पण साध्या फोटोत ही भिंत नीट दिसत नाही.

झाडावरून किंवा मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला, किंवा अशी शस्त्रक्रिया झाली, आणि नंतर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखे स्वच्छ, खारट पाणी गळू लागले, तर ती साधी सर्दी नसेल. खाली वाकल्यावर ते जास्त ठिबकते. मेंदूभोवतीचे पाणी त्या वाटेने बाहेर येत असेल, आणि त्याच वाटेने जंतू आत जाऊन मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतात. नाकात कापूस कोंबू नये, नाक जोराने शिंकरू नये, काढा घेत दिवस काढू नयेत. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे आणि पूर्वी काढलेला स्कॅन घरात असेल तर तो बरोबर न्यावा.