सुईवर अडकलेला पैसा

विणकामाची आवड असलेल्या ताईंच्या पिशवीत बहुतेक वेळा एक स्वेटर बाहीपर्यंत आलेला असतो, एक टोपडं अर्धं असतं आणि मोजा एकच. छंद म्हणून यात काहीच बिघडत नाही. पण विकायचं ठरवलंत, की प्रत्येक अर्धं काम म्हणजे अडकलेलं भांडवल. लोकर रोखीने घेतलीय, तास गेलेत, आणि अर्ध्या स्वेटरचे पैसे कुणी देत नाही.

त्यात लोकरीची एक खोड आहे. गुंड्याच्या पट्टीवर रंगाचा लॉट नंबर असतो. लॉट बदलला की तोच रंग किंचित वेगळा दिसतो, बाही लगेच ओळखू येते. म्हणून एका नगाची सगळी लोकर एकदमच घ्या, एखादा गुंडा जास्तीचा.

आता पिशवी उलटी करा. प्रत्येक कामाला चिठ्ठी लावा: ‘टोपडं, लोकर ९० रुपये, ३ तास झाले, १ बाकी.’ कमी तास बाकी असलेलं आधी संपवा. जे वर्षभर हललेलंच नाही ते उसवा, लोकर तरी मोकळी होईल (जीवावर येतं, माहितीये!). आणि स्वेटर थंडीच्या आधी तयार हवा. फेब्रुवारीत संपलेला स्वेटर पुढच्या दिवाळीपर्यंत डांबरगोळ्यांसोबत कपाटात बसतो.