दोघांचा रविवार कितीला पडतो?

नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्यात नवं जोडपं रविवारी बाहेर पडायचं म्हणतं, तेव्हा घरातली मोठी माणसं आधी विचारतात, परत कधी येणार? खर्चाच्या दृष्टीनेही हाच प्रश्न नेमका आहे. आपल्याकडे बघण्यासारखं जे काही आहे, त्याला बहुतेक ठिकाणी तिकीट नाही. प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर बसायला पैसे लागत नाहीत, केदारेश्वराच्या दर्शनाला लागत नाहीत, शहादा तालुक्यातल्या उनपदेवच्या गरम पाण्याला लागत नाहीत. नंदुरबारच्या शिरीषकुमार स्मारकापाशी दहा मिनिटं उभं राहायलाही लागत नाहीत. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथे काय घडलं हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण ती जागा दोघांनी मिळून निवांत पाहिलेली नसते. पैसे जातात रस्त्यात आणि खाण्यात. परतीची गाडी चुकली की मात्र दिवसभराच्या खर्चाच्या दुप्पट रक्कम एका रात्रीत जाते.

लालपरी की दुचाकी

गाडी दारात उभी असली की एसटीचा विचार कोणी करत नाही. तरी एकदा आकडे मांडून पाहा. २५ जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसचा ६ किलोमीटरचा टप्पा १० रुपये ५ पैशांना पडतो. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणजे दोघांचं मिळून दीड तिकीट.

नंदुरबारहून तोरणमाळ धरा. शहाद्यापर्यंत सुमारे ४० किलोमीटर, पुढे पन्नास-पंचावन्न. साधारण सोळा टप्पे झाले. त्याचे एकशेसाठ, तिचे ऐंशी. जाऊन-येऊन दोघांचे चारशे ऐंशी. दुचाकीने तेच अंतर येऊन-जाऊन एकशे नव्वद किलोमीटर. घाटात, डबलसीट, लिटरला ४५ किलोमीटर मिळाले तरी खूप. सव्वाचार लिटर पेट्रोल लागेल, आणि लिटरला १०५ रुपये धरले तर साडेचारशेच्या आसपास. धानोरा ते नंदुरबार हा तुकडा मी दोन्हीकडे सोडून दिला आहे. तो तुम्हाला कसाही करावाच लागतो.

म्हणजे निव्वळ इंधन पाहिलं तर दोन्ही जवळपास सारखंच. टायर, ऑईल, क्लचवायर हे धरलं की एसटी स्वस्त. प्रकाशासारख्या जवळच्या फेरीत उलटं होतं: एसटीचे दोघांचे दीडशे, दुचाकीचं पेट्रोल सव्वाशेच्या आसपास. दोन मित्र जाणार असतील तर मात्र दुचाकीच परवडते, कारण दोघांनाही पूर्ण तिकीट पडतं. अर्ध्या तिकिटाने आपल्या भागातल्या नवरा-बायकोच्या फिरण्याचं गणित किती बदललं, हे मला वाटतं अजून अनेकांच्या ध्यानात आलेलं नाही. लोक सवयीने किक मारतात.

दुचाकीच घ्यायची ठरली तर दोन हेल्मेट. मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे आणि पाचशेचा दंड एका फेरीचं पेट्रोल खाऊन टाकतो. विमा संपलेला असेल तर दोन हजार. लायसन्स घरी राहिलं असेल तर मोबाईलमधल्या डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते, कागद शोधायला मागे फिरू नका.

आता सीमेवरच्या पेट्रोलची गोष्ट. गुजरातमध्ये लिटरमागे दहाएक रुपये कमी लागतात, म्हणून आपल्याकडचे अर्धेअधिक लोक हद्दीपलीकडे टाकी भरतात. वाटेत पंप असेल तर भरावंच. पण पाच लिटर भरून पन्नास रुपये वाचवायला वीस किलोमीटर जास्तीचे फिरलात, तर त्यातले चाळीस-पंचेचाळीस रस्त्यातच जळतात.

तोरणमाळ, सविस्तर

सातपुड्यातलं, सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवरचं हे ठिकाण आपल्या जिल्ह्यातल्या जोडप्यांचं पहिलं मोठं फिरणं असतं. यशवंत तलाव, सीताखाई, खडकी पॉईंट, गोरखनाथाचं देऊळ. एवढं पाहायला एक दिवस पुरतो, पण तो सकाळी सहाला सुरू झाला तर. नऊला उठून निघालात तर सातपायरीचा घाट चढेपर्यंत दुपार होते, जेवणात तास जातो आणि सीताखाईपाशी ऊन उतरायला लागतं. मग 'आता राहूनच जाऊ' हे वाक्य येतं. ते वाक्य महाग आहे.

एका दिवसाच्या फेरीला एसटी किंवा पेट्रोल पाचशे, चहा-नाश्ता दीडशे, जेवण तीन-साडेतीनशे आणि किरकोळ शंभर धरा. हजार-अकराशेत दोघं घरी. राहायचं ठरवलंत तर खोली, रात्रीचं जेवण आणि दुसऱ्या दिवसाचा नाश्ता मिळून आणखी दोन ते अडीच हजार बाजूला काढून ठेवा. पर्यटन महामंडळाच्या निवासाचं आरक्षण ऑनलाईन होतं. शनिवार-रविवार, पावसाळा आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत आयत्या वेळी खोली मागणाऱ्याला भाव सांगणारा माणूसच राजा असतो. राहायचंच असेल तर शुक्रवार-शनिवारऐवजी रविवार-सोमवार काढा, घासाघीस करायला जागा मिळते.

खोलीचा भाव विचारताना करासह की कराशिवाय, हे आधीच विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. कोणी अजून १२ टक्के लावत असेल तर बिल मागा. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर कर घ्यायचा अधिकारच नाही.

टाकी शहाद्यातच भरा. बसने जाणार असाल तर निघण्याआधी शहादा आगारात परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवा, ती हंगामाप्रमाणे बदलते. मुक्कामी गाडी असेल तर पहाटे खाली उतरता येतं, हेही तिथेच कळेल. वर लहान हॉटेलांत जेवण हवं असेल तर पोहोचल्या पोहोचल्या सांगून फिरायला जा, नाहीतर मिळेल ते आणि मिळेल त्या भावात. आणि भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घरून नेली तर साडेतीनशे तिथेच वाचले. यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही, उलट तलावाकाठी बसून खाल्लेली घरची भाकरी हॉटेलातल्या थंड रोटीपेक्षा केव्हाही बरी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतताना रस्त्याकडेला सीताफळं दिसतील. टोपलीचा भाव वर कमी, खाली शहाद्यात जास्त.

घरातला महाग छंद

फिरणं महिन्यातून एकदा होतं. मोबाईल रोज असतो. खासगी कंपन्यांचे रोजच्या डेटाचे २८ दिवसांचे पॅक तीनशेच्या घरात आहेत. २८ दिवसांचा महिना म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. दोन फोनचे वर्षाचे जवळपास आठ हजार, म्हणजे तोरणमाळच्या सात फेऱ्या. घरात दोघंही रात्री एकाच फोनवर सिरियल किंवा मॅच बघत असाल, तर दुसऱ्या फोनला रोज दीड-दोन जीबी कशाला? त्याला कमी डेटाचा, लांब मुदतीचा पॅक घाला. २०२२ पासून ट्रायच्या नियमाने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा किमान एक पॅक ठेवावाच लागतो. दुकानदार तो आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो. मालिका-चित्रपटांच्या ॲपचं वर्गणीचं 'ऑटो-पे' बंद करायला विसरलात तर तीही दर महिन्याला गुपचूप जाते. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' नावाच्या ठिकाणी पाच मिनिटं घालवा.

बाकी छंद स्वस्त आहेत. टेनिस बॉलचं क्रिकेट वर्गणीवर चालतं. ग्रंथालयाची अनामत परत मिळते, तिची पावती जपून ठेवा. परसात मिरची-वांगी लावायला बियाण्याच्या पुडीपलीकडे खर्च नाही.

हिवाळ्यातल्या भरीत पार्टीबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलायला हवेत, कारण खान्देशात यापेक्षा कमी पैशांत जास्त माणसं खूश करण्याचा मार्ग नाही. कपाशीच्या काड्या शेतातच पडलेल्या असतात. तीन किलो भरताची वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. कळण्याचं पीठ घरचं, ज्वारी आणि अख्ख्या उडदाचं. आठ-दहा जणांचं चारशे-पाचशेत भागतं. तेवढ्यात ढाब्यावर दोघांची शेवभाजी, रोट्या आणि ताक होतं. ढाब्यावर जाणार असाल तर एक विचारून बसा: भाजीच्या भावात रोटी आहे की वेगळी? बिलातली बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

सिनेमा, पाणी आणि बिल

नंदुरबारात सिनेमा पाहणार असाल तर तिकीट शंभरपर्यंत असेल तिथे जीएसटी ५ टक्के, शंभरच्या वर गेलं की १८. दुपारचा खेळ सहसा स्वस्त. मध्यंतरातलं पॉपकॉर्न तिकिटाइतकं होतं, तेव्हा जेवून जा.

पाण्याच्या बाटलीवरून लोक उगाच भांडतात आणि भांडायला हवं तिथे गप्प बसतात. दुकानात, टपरीवर, स्टँडवर छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, 'थंड करायचे दोन रुपये' हे कायद्यात नाही. हॉटेलात टेबलावर बसून मागवलेल्या बाटलीला मात्र जास्त लावता येतं, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसा निकाल दिला आहे. रेल्वे स्थानकावर 'रेल नीर'ची लिटरची बाटली १४ रुपयांना आहे. हॉटेलच्या बिलात 'सर्व्हिस चार्ज' दिसला तर तो ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतो. कोणी ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करा, मराठीत बोला, बिलाचा फोटो ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

हद्दीपलीकडे

सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. तिथल्या बाकड्यावर दोन राज्यांत बसून फोटो काढणं हा आपल्या भागातला सर्वांत स्वस्त परराज्य दौरा. पॅसेंजरचं किमान भाडं १० रुपये, एक्स्प्रेसचं ३०. प्रवासाचं तिकीट हातात असेल तर फलाटाचं वेगळं काढायची गरज नाही.

सापुतारा किंवा केवडियाला जाताना एक लक्षात ठेवा: एसटीतलं महिलांचं अर्धं तिकीट राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढे दोघांचंही पूर्ण. केवडियाचा पुतळा सोमवारी बंद असतो, आणि प्रेक्षागॅलरीसह तिकीट माणशी ३८० च्या आसपास आहे. नुसत्या प्रवेशाचं तिकीट बरंच कमी. रांग पाहून ठरवा. अक्कलकुवा, सागबारामार्गे दुचाकीवर एका दिवसात होतं असं सांगणारे भेटतील. होतं, पण दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी टाकावी लागते, ती मजुरीही खर्चातच धरा.

हद्द ओलांडायची नसेल, तर डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. लाखांच्या बोलीचे घोडे पाहायला काही लागत नाही. पैसे लागतात ते पार्किंगला, पाळण्याला आणि जिलेबीला, आणि यात्रेच्या पहिल्या रविवारी या तिन्हींचे भाव चढे असतात. मधल्या वारी दुपारी जा. दोंडाईचापर्यंत रेल्वेने, पुढे काळीपिवळीने. चालकाशी भाडं बसण्याआधी ठरवा, आणि परतीला तो किती वाजेपर्यंत थांबणार तेही.