शीतकपाटांतील दुर्गंधी

दूधदुभतें असणाऱ्या घरांत शीतकपाटास वास लागला, कीं पहिलें नुकसान लोण्याचें होतें. स्निग्ध पदार्थ वास फार लवकर ओढून घेतात; उघड्या लसणाचा किंवा सुक्या मासळीचा वास लोण्यांत उतरला, म्हणजे तुपापर्यंत पोंचतो. पुष्कळ लोक अशा वेळीं लिंबाची फोड ठेवून स्वस्थ बसतात. तिनें वास झांकतो, जात नाहीं.

थंडीनें बहुतेक जंतु मरत नाहींत, त्यांची वाढ मात्र मंदावते. वीज चार तासांहून अधिक गेली, तर दूध व शिजलेलें अन्न टाकून द्यावें. वास न येतांहि तें रोगकारक असूं शकतें.

धुण्यापूर्वीं विजेचा खटका बंद करून कपाट रिकामें करावें. फळ्या व खण काढून धुवावे. आंतील भाग एक लिटर पाण्यांत मोठा चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून पुसावा. सुवासिक साबण नको, त्याचाहि वास लोण्यास लागेल. दाराच्या रबरी पट्टीच्या घड्या, पाणी वाहून जाण्याचें छिद्र आणि मागचें तबक हीं ठिकाणें हटकून राहून जातात, व खरी घाण बहुधा तेथेंच असते. नंतर कोरडें करून दार कांहीं तास उघडें ठेवावें. उरलेल्या वासासाठीं, पाणी गाळण्याच्या यंत्रांत घालतात तो सक्रिय कोळसा ताटलींत पसरून ठेवावा.

वास फवारणीच्या औषधाचा असेल, तर यांपैकीं कांहींच करीत बसूं नये. तसली बाटली अन्नाच्या कपाटांत मुळींच ठेवूं नये. ती आंत झिरपली असल्यास तेथील अन्न टाकावें, व तें कपाट पुन्हां अन्नासाठीं वापरूं नये.