मालवाहू गाडीचे पाटे आणि अतिभाराचा प्रश्न

व्यापारात खरेदी आणि विक्री यांचा विचार आपण बारकाईने करतो. परंतु या दोहोंना जोडणारी जी वाहतूक, तिचा विचार बहुधा गाडी वाटेत उभी राहिल्यावरच होतो. पांढुर्णा व सौंसर या आपल्या दोन तहसिलींचा मिळून 2023 साली स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. येथील गहू, तूर, मका, सोयाबीन, कापूस आणि संत्री हा माल खेड्यांतून मंडीत व मंडीतून नागपूर, वरूड, छिंदवाडा या दिशांना जात असतो. पूर्वी हे काम बैलबंडी करीत असे. आज ते पिकअप व इतर लहान मालगाड्या करतात. गाडी घेतल्यावर थोड्याच दिवसांत अनेक मालक मिस्त्रीकडे जातात व म्हणतात, "मागे दोन पाटे जास्त टाकून द्या." हे पाटे वाढविल्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे सभासद बंधू-भगिनींपुढे मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे. लेखक अभियंता नव्हे, धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य घालविलेला केवळ मॅट्रिक झालेला गृहस्थ आहे. तथापि ज्यास हिशेब कळतो, त्यास हा विषयही कळण्याजोगा आहे.

पाट्यांचे कार्य

गाडीच्या मागील धुऱ्यावर दोन्ही बाजूंस पोलादी पट्ट्यांची एकेक जुडी असते. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे इतर पाटे. मधोमध एका बोल्टने ते एकत्र धरलेले असतात व यू-बोल्टने धुऱ्यास जखडलेले असतात. मुख्य पाट्याचे पुढील टोक चासीला खिळीने जोडलेले असते. मागील टोक झुलत्या कडीत, म्हणजे शॅकलमध्ये, असते. भार पडताच वाकलेला पाटा सरळ होऊ लागतो व त्याची लांबी वाढते. ती वाढ सामावून घेण्याकरिता ही कडी आवश्यक असते. काही गाड्यांत वर आणखी एक लहान जुडी असते. भार बराच वाढल्यावरच ती टेकते व मदतीस येते. तिला हेल्पर म्हणतात.

हे पोलाद साधे लोखंड नव्हे. त्यात सिलिकॉन, मँगनीज वा क्रोमियम मिसळलेले असते. ते तापवून तेलात विझवितात व पुन्हा बेताने तापवून त्यास लवचीकपणा आणतात. यास्तव भट्टीत लाल करून पाट्यास वाक देणे किंवा तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडणे, ही दोन्ही कामे त्याचा मूळ गुण नाहीसा करणारी आहेत.

जाडीचा हिशेब

ढोबळ मानाने पाहता, सारख्या पाच पाट्यांत तसाच सहावा घातला तर ताठरपणा पाचवा हिस्सा वाढतो. परंतु पाट्याची जाडी वाढविली तर ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 8 मिलिमीटरच्या जागी 10 मिलिमीटरचा पाटा घातल्यास त्या एका पाट्याचा ताठरपणा जवळजवळ दुप्पट होतो. तो इतरांइतकाच वाकला तरी त्याच्यातील ताण सव्वापट असतो. म्हणून पातळ पाट्यांच्या जुडीत एकच जाड पाटा घुसविला असता पुष्कळदा तोच आधी तुटतो. भंगारातून मिळेल तो पाटा टाकणे स्वस्त वाटते, परंतु ते हिशेबास धरून नाही.

काय साधते, काय साधत नाही

जुने पाटे बसले असतील, गाडी मागे झुकत असेल, खड्ड्यात धुरा वरच्या रबरावर आदळत असेल, वळणावर हौदा झोके घेत असेल, तर योग्य मापाचे नवे पाटे किंवा उत्पादकाने मान्य केलेला हेल्पर बसविणे हितावह आहे. गाडी मागे दबली की पुढील दिवे वर पाहू लागतात व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. हा दोषही त्याने दूर होतो.

परंतु पाटे वाढविल्याने गाडीची भार वाहण्याची मान्य मर्यादा तसूभरही वाढत नाही. धुरा, बेअरिंग, टायर, चासी आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात. गाडी उंच व सरळ उभी दिसते, म्हणून ती समर्थ आहे असा केवळ भास होतो. एकूण वजन एकतृतीयांशाने वाढले, तर त्याच वेगावरून थांबविताना ब्रेकमध्ये उष्णताही एकतृतीयांशाने अधिक निर्माण होते. सौंसरहून छिंदवाड्यास जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. भरली गाडी तो चढून जाईल, यात नवल नाही. परत येताना ती उतरणीवर थांबेल काय, हा खरा प्रश्न आहे.

येथे एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. अनेक पिकअप गाड्यांत हौदा आणि धुरा यांमधील अंतरावरून भार ओळखणारा एक व्हॉल्व्ह असतो. अंतर कमी झाले की गाडी भरली आहे असे समजून तो मागील ब्रेकांना अधिक दाब देतो. पाटे ताठ करून हौदा उंच ठेवला, तर माल भरलेला असूनही हा व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो व मागील ब्रेक अपुरे लागतात. म्हणून पाट्यांत बदल केल्यावर हा व्हॉल्व्ह जाणत्या कारागिराकडून तपासून घेतलाच पाहिजे. शिवाय अति ताठ पाट्यांची रिकामी गाडी उसळते, तिच्या मागील चाकांची रस्त्यावरील पकड सुटते. रिकामी परतणारी गाडी पावसात घसरते, त्याचे हेही एक कारण असते.

माल कसा भरावा

पाट्यांवरील पुष्कळसा त्रास मालाच्या मांडणीतून निर्माण होतो. समजा, पुढील व मागील धुऱ्यांत 3 मीटर अंतर आहे आणि 50 किलोचे 6 कट्टे मागील धुऱ्याच्या 1 मीटर मागे रचले. माल 300 किलोच आहे. परंतु तरफेच्या नियमाने मागील धुऱ्यावर 400 किलो भार पडतो व पुढील धुऱ्यावरचा 100 किलो भार उचलला जातो. पुढील चाके हलकी झाली की स्टिअरिंग हलके लागते व गाडी वळणास दाद देत नाही. जड पोती कॅबिनलगत व खाली, हलका माल मागे, आणि संत्र्यांचे कॅरेट दोरीने आवळलेले, एवढे पाळले तरी निम्मे काम होते.

पाटे बदलताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात:

1. पाटे दोन्ही बाजूंचे एकाच वेळी व एकाच मापाचे बदलावेत.
2. यू-बोल्ट नवे घालावेत आणि माल भरून थोडी धाव झाल्यावर ते पुन्हा आवळावेत. ते ढिले राहिले तर मधला बोल्ट तुटून धुरा सरकतो.
3. बुश आणि शॅकल झिजले असल्यास त्याच वेळी बदलावेत.
4. पाट्यावर घणाचा घाव किंवा खोल गंज नसावा; चीर तेथूनच सुरू होते.
5. धुऱ्यावर लाकडाचे वा लोखंडाचे ठोकळे घालून गाडी उंच करू नये. त्याने मागे जाणाऱ्या दांड्याचा कोन बिघडतो व त्याचे क्रॉस लवकर झिजतात.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा 1988 याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. कलम 194 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने जादा भारासाठी 20,000 रुपये व प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड ठेवला आहे, आणि जादा माल उतरविल्याखेरीज गाडी पुढे नेता येत नाही. ही जबाबदारी केवळ चालकाची नव्हे, गाडी तशी चालवावयास लावणाऱ्याचीही आहे. शुल्क घेऊन जादा भार नेऊ देण्याच्या काही राज्यांच्या पद्धतीस सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली मनाई केली. 2018 साली केंद्र शासनाने दोन धुऱ्यांच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टन केली. ती मर्यादा धुऱ्यांच्या क्षमतेवरून ठरते, मिस्त्रीच्या पाट्यांवरून नव्हे. आपल्या गाडीच्या नोंदणीत लिहिलेला आकडा हाच आपल्यापुरता खरा.

रस्ताही आपलाच आहे. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या मोठ्या चाचणीत असे आढळले की, धुऱ्यावरील भार वाढला की रस्त्याची हानी सुमारे त्याच्या चौथ्या घाताने वाढते. दीडपट भाराने रस्ता पाचपट झिजतो. त्याच खड्ड्यांतून मग आपले पाटे तुटतात.

अतिभार आणि आपला आचार

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे, हा एक आहे. तो प्राण्यांच्या संदर्भात आहे, आणि गाडीस जीव नाही, असे कोणी म्हणेल. परंतु तीत बसणाऱ्या चालकास व हमालास जीव आहे. रस्त्याने जाणाऱ्या शाळकरी मुलासही आहे. बैल अति ओझ्याने मान टाकतो, खाली बसतो व आपली मर्यादा धन्यास कळवितो. गाडी ती पाट्यांच्या झुकण्यातून कळविते. पाटे वाढवून ही सूचना बंद केली, तरी ओझे तेवढेच राहते.

म्हणून माझी नम्र विनंती अशी की, पाटे अवश्य नीट ठेवावेत, परंतु ते मान्य भार सुखरूप नेण्यासाठी. माल अधिक असेल तर दुसरी खेप करावी, किंवा दोघा सभासदांनी मिळून मोठी गाडी ठरवावी. भरल्या गाडीचे वजन काट्यावर करून त्याची नोंद खातेवहीत ठेवावी. चालकाने "माल जास्त होतो आहे" असे म्हटले, तर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. गाडीचे झुकणे त्याला आपल्याआधी जाणवते.