शोधक वर्तन आणि मेंदूतील पेशी

रायगड किनाऱ्यावरील किहीम येथे १९३० साली डॉ. सालिम अली यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते तपासते आणि तिला पसंत पडले तरच नर ते पूर्ण करतो, असे त्यांना आढळले. मादीची ही तपासणी म्हणजे शोधक वर्तन होय. मात्र त्या वेळी मेंदूत काय घडते, हे बाहेरून पाहणाऱ्यास कळत नाही.

त्याचा काही उलगडा उंदरांवरील प्रयोगांतून झाला आहे. उंदीर स्वभावतः उघड्या जागी जाण्यास कचरतो. म्हणून जमिनीपासून उंचावर, अधिक-चिन्हाच्या आकाराच्या पट्ट्यांवर त्यास सोडतात. दोन बाहू भिंतींनी बंदिस्त, तर दोन उघडे असतात. उघड्या बाहूंवर तो किती वेळ फिरतो, यावरून त्याची भीती अजमावतात. शैवालातील प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक निवडक मेंदूपेशींत घातले, की प्रकाशझोताने त्या चेतविता येतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 'अमिग्डला' या भागातील एक विशिष्ट मार्ग चेतविताच उंदीर उघड्या बाहूंवर अधिक फिरू लागले. तो मार्ग रोखताच अधिक बिचकू लागले. त्या पेशी सरसकट चेतविल्या असता मात्र हा परिणाम दिसला नाही.

अर्थात, एकच प्राणी क्षणात भित्रा, क्षणात धीट होऊ शकतो. उंदरावरील निष्कर्ष माणसास जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही वसतिगृहात नव्याने आलेले मूल कोपऱ्यात बसून राहिले, तर त्यास 'बुजरे' ठरविण्याची घाई आम्ही शिक्षकांनी करू नये, इतका बोध यातून आम्ही घेतो.